सरकारी बैलांचा शुक्रवार

चुडाव्याच्या स्टेशनापासून आत जाणाऱ्या रस्त्यावर एक ओढा आडवा येतो. उन्हाळ्यात त्यात गुरांनाही पाणी मिळत नाही, आणि पावसाळ्यात तो दोन्ही काठांच्या गावांना एकमेकांचं तोंड बघू देत नाही. निजामाच्या राजवटीच्या उतरत्या काळात त्या ओढ्यावर दगडी पूल बांधायचं सरकारने मनावर घेतलं आणि त्या कामाच्या छावणीत मी अहलकार म्हणून लागलो.

अहलकार म्हणजे कारकून. पण छावणीतल्या कारकुनाला लिहिण्याखेरीज बाकीचंच जास्त करावं लागतं. चुनखडी भाजायला सरपण आलं का, गवंड्यांचे रांजण भरले का, स्टेशनावर उतरलेलं सागवान कोणाच्या गाडीतून आणायचं, तंबूचा दोर रात्रीतून कोणी नेला, परभणीच्या कचेरीला उर्दूतून काय कळवायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे सगळं माझ्याकडे होतं. पूल मिस्त्री बांधत होता. त्याला तो बांधता यावा म्हणून सकाळपासून जी धावपळ लागते ती मी करत होतो. त्या धावपळीचा मला तेव्हा अभिमान वाटे, आजही वाटतो.

माझ्याआधी आमच्या घरात कोणाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मी हैदराबादेत उर्दूतून बी.ए. झालो, त्यात माझी हुशारी थोडी आणि लोकांचे उपकार जास्त. वडिलांनी मला औताला जुंपलं नाही. गावच्या मास्तरांनी मला परभणीच्या शाळेत नेऊन बसवलं. आणि अक्काने मला जेवू घातलं. अक्का माझी थोरली बहीण, ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. मी परभणीत खोली करून शिकत असताना तिच्या सासरहून भाकरीचं गाठोडं यायचं, सासूची नजर चुकवून बांधलेलं. स्टेशनाकडे निघालेल्या कोणाच्याही हाती ती ते द्यायची आणि ते आगगाडीने माझ्यापर्यंत पोचायचं. पावसाळ्यात गाठोडं थांबायचं. मग मी समजायचो की ओढा आला.

लग्न झाल्यापासून अक्का एकदाही पंचमीला माहेरी आलेली नव्हती. श्रावणात ओढा भरलेला असे. आई दर वर्षी दारच्या लिंबाला झोका बांधायची आणि सण सरला की सोडून ठेवायची. शेजारच्या लेकी त्यावर खेळून जायच्या. मला पुलावर नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा अक्का म्हणाली, "भाऊ, तू एवढा शिकलास. ह्या पंचमीला मला पुलावरनं घेऊन जा. दुसरं मला तुझ्याकून काईच नगं."

मी हो म्हणालो. मिस्त्रीही हो म्हणाला होता. पावसाआधी कमान मिटेल, त्यात अवघड काही नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आम्ही दोघांनीही सरिश्तेदारांना हिशेबात धरलं नव्हतं.

सरिश्तेदार म्हणजे कचेरीचे मुख्य कारकून, छावणीतले आमचे वरिष्ठ. ते आपल्याच मुलखातले, घरी मराठी बोलणारे. पण शेरवानीचं वरचं बटण लागलं की त्यांना मराठी समजेनाशी होई. मजुराने काही सांगितलं की ते माझ्याकडे बघत. मी ते उर्दूत सांगायचं, मग त्यांना ते कळायचं. कधी कधी माझं उर्दू संपायच्या आतच त्यांचं उत्तर तयार असे. पुलाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की तो कधीतरी पुरा होईल आणि त्या दिवशी मोहतमीम साहेब, म्हणजे बांधकाम खात्याचे वरचे अधिकारी, मुआयन्याला येतील. मुआयना म्हणजे पाहणी. त्या पाहणीसाठी सरिश्तेदारांची दरबारी पगडी पेटीत कापडात गुंडाळून तयार होती आणि कमरेचा सोनेरी पट्टा रोज पुसला जाई. अधूनमधून ते बिगाऱ्यांना कामावरून उठवून रांगेत उभं करत आणि सलामाची तालीम घेत. कोणाचा हात किती वर गेला ते छडीने दाखवत. तेवढ्या वेळात घमेल्यातला चुना आळून जाई. मिस्त्री लांब उभा राहून ते बघे आणि जमिनीवर थुंके.

त्या काळी असा पूल चुन्यात बांधत. जमिनीत एक गोल चर, त्यात मोठं दगडी चाक आणि ते फिरवायला बैल, अशी चुन्याची घाणी असते. चुना आणि वाळू त्या चरात मळून निघते. बैल थांबले की चुना थांबतो आणि चुना थांबला की गवंड्याची थापी थांबते. घाणीसाठी मी काठच्या गावातल्या एका लिंगायत शेतकऱ्याची जोडी ठरवली होती. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. जोडी ठरवतानाच त्यांनी सांगितलं होतं, "सोमवारी ह्येंच्या मानंवर जू पडणार न्हाई. जमत आसंल तर बघा."

त्यांच्या घरात बैल म्हणजे महादेवाचा नंदी. सोमवारी त्याला धुवायचं, भस्म लावायचं, मोकळं सोडायचं. मला त्यात काहीच अडचण दिसली नाही. सोमवारी घाणी बंद असली की आम्ही चर खरवडून स्वच्छ करत असू आणि भट्टीतून नवा चुना काढून ठेवत असू. उलट शुक्रवारी, कचेरीच्या सुट्टीच्या दिवशी, घाणी सगळ्यात चांगली चाले. गुरुवारी दुपारीच सरिश्तेदार परभणीला निघून जात आणि सलाम करायला कोणी उरत नसे.

असे बरेच सोमवार निभावले. धूळ येते म्हणून सरिश्तेदारांनी आपला तंबू घाणीकडे पाठ करून लावून घेतला होता. पण उन्हाळ्यातल्या एका सोमवारी, साहेबांचा शामियाना कुठे उभारायचा ते ठरवायला ते स्वतः तंबूमागे गेले आणि त्यांना घाणी दिसली. चाक उभं होतं. बैल बाभळीखाली बसून रवंथ करत होते. दोघांच्या कपाळांवर भस्माचे ताजे पट्टे होते.

मला बोलावणं आलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, हे बैल कोणाच्या कामावर आहेत? मी म्हणालो, सरकारच्या. मग सरकारची सुट्टी कोणत्या दिवशी? मी म्हणालो, शुक्रवारी. ते खुर्चीत मागे टेकले. आयुष्यात प्रथमच आपल्याला पुलाबद्दल काहीतरी समजलं आहे, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"सरकारी कामावरचा बैल सरकारी सुट्टी पाळेल," ते म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण थट्टा करायला माणसाजवळ जे लागतं ते त्यांच्याजवळ नव्हतं. दुपारपर्यंत हुकूम लिहून झाला. घाणीवरील जनावरांनी जुम्याच्या दिवशी आराम करावा व सोमवारी कामावर हजर राहावं. त्याची एक नक्कल बाभळीला बांधायला लावली. कोणी वाचावी म्हणून, ते मी विचारलं नाही.

आप्पांना मी तो हुकूम मराठीत समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुमचा शुक्करवार तुमी पाळा की. आमी कवा नगं म्हनलं? पर सोमवार त्येंचा हाय. त्यो माज्या हातात न्हाई आन् तुमच्या सायबाच्या बी न्हाई."

आता काय झालं असेल ते सांगायला नको. सोमवारी आप्पा बैल देईनात आणि शुक्रवारी सरिश्तेदार घाणी चालू देईनात. ते परभणीला गेले तरी जाताना घाणीच्या चाकाला साखळी घालून किल्ली बरोबर नेत. आधी आठवड्यात एकदा थांबणारी घाणी आता दोनदा थांबू लागली. शनिवारी नव्याने मळायला घ्यावं तर सोमवार येई, मंगळवारी जम बसावा तर शुक्रवार. कमानीच्या दोन्ही बाजू लाकडी सांगाड्यावरून वर चढत होत्या आणि मध्ये आभाळ दिसत होतं. वैशाख संपत आला. मिस्त्री एकदा माझ्याजवळ येऊन बसला. तो दखनी बोलायचा. म्हणाला, "मुन्शीजी, आधी कमान क्या होती? कुच नै होती." म्हणजे अर्धी कमान ही कमानच नव्हे.

मी सरिश्तेदारांना समजावून बघितलं. पाऊस तोंडावर आला आहे, सांगाडा ओढ्यात उभा आहे, कमान मिटण्याआधी पाणी आलं तर लाकूडही जाईल आणि दगडही, हे मी त्यांना चांगल्या उर्दूत सांगितलं. ते म्हणाले की पाऊस अमरदाद महिन्यात सुरू होतो आणि तो महिना अजून लागलेला नाही. त्यांच्याकडे भिंतीवर लावायचं फसली, म्हणजे सरकारी सालाचं, पंचांग होतं. त्यात महिने पारशी नावांचे होते आणि त्या नावांवर त्यांचा ढगांपेक्षा जास्त विश्वास होता.

मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. पुढच्या सोमवारी बैल न आल्यास पोलीस पाटलाने ते गोठ्यातून सोडून आणावेत, असा दुसरा हुकूम काढला. पाटील त्या सोमवारी आप्पांच्या दारात गेला, ओट्यावर पाणी प्याला, गोठ्यातल्या बैलांना हात जोडले आणि बैल घरी मिळाले नाहीत असं कळवून मोकळा झाला. सरिश्तेदारांनी त्याच्यावर ताशेरा ओढला. पाटलाला ताशेरा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याला तो लागला नाही. पण आता आप्पांवरच सरकारी कामात अडथळा आणल्याचं प्रकरण करायची भाषा सुरू झाली. मला भीती वाटू लागली. पुलाची तर होतीच. माझ्या सांगण्यावरून बैल देणारा माणूस कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेला मला दिसू लागला.

अशा लोकांबरोबर राहून एक गोष्ट मी शिकलो होतो. त्यांना कारण दिलं की ते चिडतात, अर्ज दिला की शांत होतात. कारणाला उत्तर द्यावं लागतं, अर्जाला फक्त सही. मी सकाळी बसून एक अर्ज लिहिला. अत्यंत अदबीने. घाणीवरील जनावरं हुजुरांच्या हुकमाने स्वतःला सरकारी सेवेत समजतात. सेवेतल्या प्रत्येकाला जी किरकोळ रजा मिळते ती त्यांना दर सोमवारी देण्यात यावी आणि त्या मेहेरबानीच्या बदल्यात जुम्याच्या दिवशी आपली खिदमत सादर करण्याची त्यांना परवानगी असावी. खाली आप्पांचा अंगठा. अंगठा देताना आप्पांनी काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं.

"आन् त्येन्ला हे खरं वाटंल?" ते म्हणाले.

मी म्हणालो, वाटेल.

सरिश्तेदारांनी अर्ज दोनदा वाचला. एका जागी माझा शब्द खोडून त्याहून भारदस्त शब्द घातला. मग म्हणाले की रजा मागणाराला बघितल्याखेरीज रजा मंजूर करता येत नाही. मी बाहेर जाऊन सांगितलं. आप्पांनी जोडी तंबूच्या दारात आणून उभी केली. सरिश्तेदार आत गेले, पगडी घालून आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही बैलांकडे क्रमाने बघितलं. एका बैलाने तिथेच शेण टाकलं. ते त्यांनी बघितलं नसल्यासारखं केलं, आणि अर्जावर मंजूर असं लिहून खाली तारीख घातली. मिस्त्री, गवंडी, बिगारी सगळे लांब उभे होते. कोणी हसलं नाही. हसण्यासारखं असतं तर हसले असते. एका पदवीधराने असा अर्ज लिहावा, शहाण्यासुरत्या शेतकऱ्याने त्यावर अंगठा द्यावा आणि मग एका ओढ्यावर पूल व्हावा, ही त्या राज्याची रीत होती. तिच्याबद्दल मला तेव्हा जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

साखळी निघाली. घाणी शुक्रवारी फिरू लागली, सोमवारी निजू लागली. मृगाची पहिली भुरभुर आली त्याच आठवड्यात मिस्त्रीने कमानीचा मधला दगड बसवला. तो दगडाला हात लावून काहीतरी पुटपुटला आणि त्याने सगळ्यांना गूळ वाटला. दोन्ही बाजूंना मुरमाचा भराव आधीच घातलेला होता. चुना धरला की खालचा सांगाडा काढायचा आणि पूल मोकळा. मी अक्काला निरोप धाडला की पंचमीला यायची तयारी ठेव.

पण सांगाडा निघेना. मिस्त्रीने चुना धरल्याचं सांगितलं तेव्हा सरिश्तेदारांनी त्याला थांबवलं. सांगाड्याखालची पहिली पाचर साहेबांच्या हातून निघायला हवी, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी एक छोटा हातोडा रेशमी फीत बांधून आणवला होता. साहेबांचा दौरा मात्र पुढे पुढे जात होता. एकदा पत्र आलं की साहेबांची प्रकृती बरी नाही. मग आलं की साहेबांच्या मोटारीची प्रकृती बरी नाही. मिस्त्री दर सकाळी आभाळाकडे बघे आणि मग तंबूकडे. मी हिंमत करून म्हणालो की निदान अर्ध्या पाचरा तरी काढू, साहेबांसाठी पुढच्या ठेवू. सरिश्तेदारांनी विचारलं, साहेबांना उरलेल्या पाचरा देणार?

आषाढात एका दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि ओढा आला. त्याच्याबरोबर तोडलेल्या झाडांच्या फांद्या, कडबा, कुणाचं तरी छप्पर असं सगळं आलं आणि कमानीखालच्या सांगाड्यात अडकून बसलं. पाण्याला पुलाखालून वाट राहिली नाही. ते दोन्ही बाजूंनी फिरलं आणि मुरमाचा भराव गिळत गेलं. आम्ही काठावर उभे होतो. आधी आमच्या बाजूचा भराव खचला, मग पलीकडचा. शेवटी सांगाडा कडकडला आणि वाहून गेला. कमान मात्र जागची हलली नाही. पाणी ओसरल्यावर बघितलं तर ओढ्याच्या मधोमध पूल उभा होता, धड आणि देखणा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना रस्ता नव्हता.

सरिश्तेदारांनी परभणीला कळवलं की सांगाडा निघाला असून कमान सलामत आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

मग साहेब आले. तेवढ्यात त्यांची मोटारही बरी झाली होती. चिखल म्हणून ते काठावरच खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच त्यांनी कमान बघितली. बिगाऱ्यांनी सलाम केले, सगळ्यांचे हात सारखे वर गेले. साहेब खूश झाले. भरावाबद्दल ते म्हणाले की ते पुढच्या सालच्या मंजुरीत घ्यावं, आणि सरिश्तेदारांची बढतीसाठी शिफारस करून दुपारीच मोटारीने गेले. रेशमी फीत बांधलेला हातोडा पेटीत परत गेला. परभणीला जाताना सरिश्तेदारांनी पुलावर एक चौकीदार नेमला. उद्घाटनापूर्वी पुलावरून गाडी, घोडा, जनावर जाऊ देऊ नये, असा हुकूम त्याच्याजवळ होता. ज्या पुलावर जाताच येत नव्हतं त्यावर कोणी जाऊ नये म्हणून एक माणूस पगार घेत बसला.

पंचमी चार दिवसांवर आली तेव्हा मी अक्काला निरोप पाठवणार होतो की यंदाही राहू दे. तो निरोप माझ्याच्याने निघेना. आप्पांना कुठून कळलं माहीत नाही. ते छावणीत आले आणि म्हणाले, "मुन्शी, बहीण आनायची ना? मग बसून काय ऱ्हायलाव?"

पंचमीच्या सकाळी त्यांनी कडब्याच्या गंजीवर चढायची आपली लांब शिडी आणली आणि आमच्या बाजूने पुलाच्या टोकाला लावली. तिथे पाणी गुडघ्याएवढं होतं, खरी धार कमानीखालून जात होती. पलीकडच्या टोकाला अक्काच्या दिराने त्यांची शिडी लावली होती. चौकीदार उठून उभा राहिला. आप्पांनी त्याला विचारलं, तुझ्या हुकमात बाईमाणसाचं काही आहे का? त्याने बराच विचार केला आणि नाही म्हणाला. मग तो तोंड फिरवून बिडी ओढत बसला. त्या सगळ्या कारभारात मला भेटलेला तोच एक समजूतदार सरकारी नोकर.

अक्का लुगड्याचा काचा मारून शिडी चढली, पुलावर आली, मधोमध थांबली. दगडावर हात फिरवून तिने खाली पाण्याकडे बघितलं. मग आमच्या बाजूने उतरायला लागली. मी खाली शिडी धरून उभा होतो. वरूनच म्हणाली, "भाऊ, तुमचा पूल लय झ्याक झालाय बघ. नुस्ती त्याच्यावर चढायला शिडी लागती."

आप्पा हसले. मलाही हसू आलं. लाजही आली, पण ती माझी नव्हती, मी ज्यांचं मीठ खात होतो त्यांची होती.

पंचमी नेमकी सोमवारी आली होती. त्यामुळे आप्पांची गाडी मिळणार नव्हती, आणि आम्ही ती मागितलीही नाही. चिखलातून गावापर्यंत चालत गेलो. आई लिंबाखाली उभी होती. ती झोक्याच्या दोराला ताण देऊन बघत होती.

तिसऱ्या दिवशी अक्काला परत पोचवायला गेलो. शिडी आप्पांनी तिथेच ठेवली होती. चढायच्या आधी अक्काने पदराच्या गाठीतली पुडी सोडली आणि शिडीच्या पहिल्या पायरीला हळदकुंकू लावलं. मी म्हणालो, पुलाला पण लाव. तिने वर बघितलं, पुडी परत बांधली आणि चढायला लागली.